वीस मिनिटांचं पाणी

माझं बोट जिवंत माणसाचं आहे हे आमच्या फोनला पटत नाही. मी दाबते, तो ढिम्म. पुन्हा दाबते, तो ढिम्म. तिसऱ्यांदा जोर लावला की भलतंच काहीतरी उघडतं आणि आतली बाई गोड आवाजात विचारते, मी आपली काय मदत करू. बाई गं, तू मध्ये बोलू नकोस, एवढीच मदत कर.

बाजारच्या गावात फोन दुरुस्तीचं दुकान आहे. तिथली मुलगी समजूतदार. तिनं माझी बोटं बघितली आणि म्हणाली, "मावशी, जरा हात धुऊन या." दुकानात चार माणसं उभी होती. मी त्यांच्यासमोर नळाखाली हात धुतले, लहान मुलाला जेवायच्या आधी धुवायला लावतात तसे. मग तिनं माझं बोट आपल्या हातात धरून काचेवर टेकवलं. काही नाही. दुसरं टेकवलं. काही नाही. दहाही बोटं झाली.

"कातडी पार निबर झालीय," ती म्हणाली. "याला मऊ बोट लागतं, थोडं ओलसर."

"मऊ बोट आता कुठून आणू?"

"घरात दुसरं कुणी नाही?"

घरात दुसरे म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर नांगर आणि मोटार हाताळून त्यांचे हात माझ्या हातांच्या वरताण. आणि आमचे हे गवंडी, दगडी भिंती रचतात. सोमवारी कामावर जातात ते शनिवारी उगवतात. त्यांच्या बोटांनी दगड हलतो, फोन हलत नाही. त्यांचा फोन बटणांचा आहे, ते सुखी आहेत. हा काचेचा फोन घरात आला तो पाण्यासाठी, आणि तो माझ्या गळ्यात पडला.

पाण्याचं असं. आमच्या शेताला पाटाचं पाणी. पूर्वी पाटकरी पाटाच्या कडेनं चालत यायचा, प्रत्येकाच्या बांधावर उभा राहून ओरडायचा, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं फावडं घेऊन पळायचं. दोन तास पाणी. गेल्या वर्षापासून पाणी समितीनं सगळं फोनवर नेलं. आता पाळी आली की फोन वाजतो आणि केशरी बटण येतं. वीस मिनिटांच्या आत ते दाबायचं. दाबलं की पाटकऱ्याच्या फोनवर आपलं नाव हिरवं होतं आणि तो पाटावरचं आपलं दार उघडतो. नाही दाबलं, तर पाळी पुढच्या शेताला. आपण बारा दिवस थांबायचं. समितीच्या कारकुनाला मी म्हटलं, अहो, माझ्या बोटानं दाबलं जात नाही. तो म्हणाला, सवय करा. बोटाला की फोनला, ते त्यानं सांगितलं नाही.

पहिल्याच पाळीला मी वीसपैकी सोळा मिनिटं बोट आपटत होते. हात चिखलाचे, उन्हात काचेवरचं दिसेना, म्हणून दोन्ही तळहातांत फोन धरून डोळ्यांजवळ नेला. नाक टेकलं. आणि बटण दाबलं गेलं.

मी नाकाला आयुष्यभर काही काम दिलं नव्हतं, म्हणून तेवढं मऊ राहिलं होतं. तेव्हापासून मी फोन नाकानं चालवते. चुका होतात. एकदा घामाचा थेंब पडून कारकुनालाच फोन लागला आणि मी समितीला काय काय म्हणते ते त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. पण पाळी माझी एकदाही चुकली नाही. आणि संध्याकाळी यांचा आवाज त्याच काचेतून येतो, जेवलीस का, मामंजींचा गुडघा कसा आहे. पूर्वी सोमवार ते शनिवार काही कळायचं नाही. शिव्या देताना मी हेही लक्षात ठेवते.

आता जाऊबाईंचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या पलीकडचं शेत थोरल्या दिरांचं. दीर मालाच्या गाडीवर असतात, महिन्यातून चार दिवस घरी. शेत जाऊबाईच बघतात. वाटण्या झाल्या तेव्हा मधला बांध सरळ होता. पुढच्या हंगामात तो आमच्या बाजूला हातभर सरकला. त्या म्हणतात, आम्ही तो आमच्या बाजूनं कोरला म्हणून त्यांना सावरावा लागला. आमच्या यांनी त्यावर ओळीनं दगड बसवले, गवंडीच तो. जाऊबाईंनी दगडांच्या पलीकडे काटे रोवले. तेव्हापासून चार वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. रोज वीस हातांवर खुरपायला बसतो, एक शब्द नाही. मी यांना ठणकावून सांगितलं होतं, ती नाक घासत आली तरी मी बोलणार नाही. सासऱ्यांना दोन्ही घरांचं सारखंच, पण ते राहतात आमच्याकडे, म्हणून त्यांनाही पलीकडे जाता येईना. ते फक्त संध्याकाळी बांधाकडे तोंड करून बसायचे.

त्या महिन्यात ऊन असं पडलं की दुपारी खुरप्याचा दांडा धरवेना. मिरची फुलावर होती. बारीक पांढरी फुलं, खाली माना घातलेली. मिरचीला या दिवसांत पाणी मिळालं नाही की फूल देठासकट गळतं, मग झाड जगलं तरी त्याचा उपयोग शून्य. मागच्या पाण्याला अकरा दिवस झाले होते. जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. वर्षाचं सगळं त्या फुलांवर होतं, आणि फुलं त्या केशरी बटणावर.

पलीकडे जाऊबाईंची वांगी तर आणखी वाईट दिसत होती. पानं दुपारी लोंबायची आणि संध्याकाळीही उभी राहायची नाहीत. मागच्या खेपेला त्यांची पाळी चुकली होती. का, ते मला माहीत नव्हतं. आमच्यानंतर त्यांचं शेत आणि त्यांच्यानंतर गिरणीवाल्याचं. त्या दिवशी पाणी त्यांच्या दारावरून तसंच पुढे गिरणीवाल्याकडे गेलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं होतं.

बुधवारी निरोप आला की पाळी उद्यापासून शनिवारपर्यंत केव्हाही. केव्हाही म्हणजे केव्हाही. आमच्याकडे रेंज एकाच जागी येते, जुन्या विहिरीच्या मातीचा ढिगारा आहे त्यावर, आणि तिथंही जाऊबाईंच्या घराकडे तोंड केल्यावरच. दुसरीकडे वळलं की गेली. जाऊबाईंचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं, त्यांना शेतभर रेंज. त्यामुळे पाळीच्या दिवसांत सासरे फोन घेऊन ढिगाऱ्यावरच्या झाडाखाली बसतात. वाजला की मला हाक मारतात, मी सरीतून पळत जाते, नाक टेकवते.

गुरुवार असाच गेला. मी सऱ्या साफ केल्या, पाणी आलं की कुठं अडू नये म्हणून. फावडं मारताना तळहाताचा जुना फोड फुटला. फोन तीनदा वाजला. एकदा कुणाला तरी कर्ज द्यायचं होतं, दोनदा यांचा होता, आलं का पाणी म्हणून. तिसऱ्यांदा पळत गेल्यावर माझा इतका जीव गेला होता की मी म्हटलं, "अहो, आलं की कळवीन. आता वाजवू नका, माझे पाय राहिले नाहीत."

"बरं," हे म्हणाले. मग म्हणाले, "फोड आलेत का हाताला?"

"नेहमीचेच."

"तेल लाव."

शुक्रवारी सकाळपासून वारा नव्हता. दहा वाजताच माती चटके द्यायला लागली. मी खालच्या सरीत खुरपत होते. मध्येच मान वर केली की सासरे दिसायचे, मांडीवर फोन, त्यावर हाताची सावली धरलेली, मांजराच्या पिलाला धरावी तशी. ते सारखे काचेकडे बघत होते. वाचता येत नाही त्यांना, पण फोन रागावला की त्यांना कळतं.

साडेअकराला त्यांनी हाक मारली. घाईची नव्हती, साधी होती. मी गेले.

"सूनबाई, तापला होता फार," ते म्हणाले. "लाल काहीतरी दाखवत होता. मी गार केलाय बघ."

माठाच्या सावलीत ओल्या पोत्याचं गाठोडं होतं. त्यात फोन. त्यांनी पोतं चांगलं बुचकळून चौपदरी गुंडाळलं होतं. पंचवीस वर्षं विहिरीवरची मोटार त्यांनीच सांभाळली. मोटार तापली की बंद करायची, वर ओलं पोतं टाकायचं, अर्धा तास हात लावायचा नाही. त्यांची मोटार एकदाही जळली नाही, हे सगळा गाव सांगतो.

मी पोतं उलगडलं. फोनच्या कडेतून पाणी ठिबकलं. काच काळी. मी बाजूचं बटण दाबलं, धरून ठेवलं, नाक लावलं, झटकला, फडक्यानं पुसला. काळी ती काळीच.

"झालं ना गार?" सासऱ्यांनी विचारलं.

"झालं, मामंजी," मी म्हटलं.

मी तेवढं बोलले आणि पाटाकडे धावत सुटले.

पाटकरी दारापाशी दगडावर बसला होता. पूर्वी अख्खा पाट पायाखाली घालणारा माणूस, आता दिवसभर मांडीवरच्या फोनकडे बघत बसतो.

"काका, आमचं नाव आलंय का?"

त्यानं फोन माझ्याकडे वळवला. आमच्या शेताचं नाव पिवळं होतं. पुढे आकडा, नऊ. मी बघत असताना आठ झाला.

"दाब की," तो म्हणाला.

"फोन भिजला. मेलाय तो. तुम्ही उघडा ना दार, मी समोर उभी आहे, पाणी पाहिजे म्हणून सांगतेय."

"तू समोर आहेस ते मला दिसतंय. याला दिसत नाही." त्यानं फोनकडे बोट दाखवलं. "हिरवं झाल्याशिवाय दार उघडलं की दाराला कुलूप बसतं आणि वर लेखी उत्तर द्यावं लागतं. थांब, कारकुनाला लावून बघू."

त्यानं कारकुनाला लावला. आतून वाजंत्री सुरू झाली. मग बाई म्हणाली, आपण रांगेत आहात. आम्ही दोघं पाटाच्या कडेला उभं राहून ती वाजंत्री ऐकत होतो. समोर पाणी भरलेलं, दाराच्या फळीला टेकून उभं. हात घातला तर कोपरापर्यंत गेला असता. चार, तीन, दोन. पाटकऱ्यानं डोकं खाजवलं. "मी ओरडायचो तेव्हा कुणाची पाळी चुकायची नाही," तो म्हणाला. आमचं नाव राखाडी झालं आणि त्याखालचं नाव पिवळं झालं. जाऊबाईंचं.

मी परत आले तेव्हा सासरे उभे होते. गुडघा दुखत असताना उभे होते म्हणजे त्यांना कळलं होतं.

"गेली का पाळी?"

"गेली."

"माझ्यामुळं."

मला राग आला होता, नाही कशाला म्हणू. बारा दिवस. एक फूल राहणार नव्हतं. पण त्यांच्या हातात ते ओलं पोतं अजून होतं, आणि त्यांनी ते पिळून, घडी घालून धरलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही सांभाळायलाच गेलात ना. बसा खाली." आणि त्यांच्याकडे पाठ करून सरीत जाऊन बसले, कारण डोळ्यांतून यायला लागलं होतं.

खुरपं मातीत घातलं आणि समोर सावली पडली. बांधाच्या पलीकडे जाऊबाई उभ्या होत्या, काट्यांच्या आत, पायात वहाण नाही, धापा टाकत. हातात फोन. तो त्यांनी बांधावरून माझ्याकडे धरला होता.

"माझं नाव आलंय," त्या म्हणाल्या. चार वर्षांनी ऐकलेला आवाज, जरा घोगरा झाला होता. "दाबलंच जात नाही. लेक होती तोवर ती दाबायची. ती सासरी गेली. मागच्या पाळीलाही मी अशीच बोटं आपटत बसले." फोन आणखी पुढे करून म्हणाल्या, "तुझी कधी चुकत नाही. तू कशानं दाबतेस?"

काचेवर सात मिनिटं होती.

मी सगळं सांगायचं म्हणते तर हेही सांगते. मी तो फोन लगेच घेतला नाही. माझी मिरची जात होती आणि समोर ती बाई उभी होती जिनं माझ्या बाजूनं हातभर जमीन खाल्ली. मला माहीत नाही म्हटलं असतं तर सात मिनिटांत पाणी गिरणीवाल्याचं. कुणाला कळलंही नसतं. मी त्यांच्या बोटांकडे बघितलं. वांग्याच्या काट्यांनी ओरबाडलेली, नखांत माती, टोकांना चिरा. मी नळाखाली धुतली तसलीच बोटं.

मी हात पुसून फोन घेतला. सहा मिनिटं. बटण बघून ठेवलं, फोन तोंडाशी आणला आणि नाक टेकवलं. काचेला त्यांच्या चुलीच्या धुराचा वास होता. बटण हिरवं झालं. वरून पाटकऱ्याची शिट्टी आली आणि दाराची फळी खरखरत वर गेली.

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"नाकानं?"

"नाकानं."

"म्हणजे त्या ढिगाऱ्यावर उभी राहून तू करतेस, ते हेच?"

"दुसरं काय करणार?"

"माझ्या दाराकडं तोंड करून?"

"तिकडं तोंड केल्यावरच रेंज येते."

त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे. "मला वाटायचं, तू मला वाकुल्या दाखवतेस. हातात आरसा धरून नाक वर करतेस माझ्याकडं बघून. यांना सांगितलं मी. लेकीच्या सासरीसुद्धा सांगितलं."

आधी हसले ते सासरे. ढिगाऱ्यावरून, खोकत खोकत. मग मलाही आवरेना. जाऊबाई हसल्या नाहीत, त्यांनी फक्त फोन कमरेला खोचला. "पाणी येईल," म्हणाल्या आणि फावडं घ्यायला पळाल्या.

पाणी त्यांच्या चारीत आलं तसं मला ऐकू येत होतं. भेगाळलेल्या जमिनीत पहिलं पाणी शिरतं तेव्हा बुडबुड आवाज होतो. मी खाली मान घालून खुरपत होते. काही केलं याचं बरं वाटत होतं आणि काही राहिलं नाही याचं वाईट, दोन्ही एकाच वेळी. फुलं मोजू नये म्हणतात, मी मोजत होते. एका झाडाखाली अकरा पडली होती.

तासाभरानं फावड्याचा आवाज जवळ आला. वर बघितलं तर जाऊबाईंनी काटे उपटून बाजूला फेकले होते आणि बांधावर वाकून त्या आमच्या यांनी बसवलेला दगड हलवत होत्या. एक निघाला, दुसरा निघाला. मग त्यांनी फावडं मारलं. एक, दोन, तीन, चार. ज्या बांधासाठी आम्ही एकमेकींच्या सुतकातसुद्धा बोललो नसतो, तो त्यांनी हातभर फोडला. पाणी आधी चुळकाभर आलं, गवत आडवं केलं, मग जोरात आलं.

मी तशीच बसून होते. "बघतेस काय," त्या म्हणाल्या. "सरी धर."

"तुमची वांगी?"

"वांग्यांना तास पुरला. तुझी मिरची फुलावर आहे. रोज दिसतं मला इथून."

मी फावडं उचललं. मला नीट दिसत नव्हतं, पण सऱ्या मी कालच साफ केल्या होत्या, पाणी आपसूक वाट काढत गेलं. आम्ही दोघींनी मिळून सऱ्यांची दारं मोडली, त्या वरच्या अंगाला, मी खालच्या. एक सरी भरली की त्या "हं" म्हणायच्या आणि मी मातीनं तोंड बंद करून पुढचं फोडायची. वाटण्यांच्या आधी असंच करायचो. हात विसरले नव्हते.

पाटकरी पाटावरून चालत आला. बऱ्याच महिन्यांनी त्याला चालताना बघितलं. एकाच्या पाळीचं पाणी दुसऱ्याच्या शेतात घेणं नियमात बसत नाही, आणि बांध तर उघडाच होता. त्यानं बांधाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, फोन काढून त्यात बघितलं.

"यात तसं काही आलेलं नाही," तो म्हणाला आणि फोन खिशात घालून परत गेला.

सासरे ढिगाऱ्यावरून हळूहळू उतरले. फुटलेल्या जागी आले, दगडावर बसले आणि दोन्ही पाय वाहत्या पाण्यात सोडले. एक पाय त्या शेताच्या बाजूला, एक या. जाऊबाईंनी त्यांचा दुखरा गुडघा बघितला आणि घरी जाऊन तेलाची बाटली घेऊन आल्या.

दोन तास संपल्यावर फळी पडली. शेवटची सरी अर्धीच भिजली. बाकीची सगळी भिजली. मी फावडं घेऊन बांधापाशी गेले, तोंड बुजवायला. ज्यानं फोडलं त्यानं बुजवायचं असतं, पण मला काहीतरी करायचं होतं.

"राहू दे," जाऊबाई म्हणाल्या. "पुढच्या पाळीला परत कुठं फोडत बसायचं."

मग मी म्हटलं. चार वर्षांत म्हटलं नव्हतं ते सगळं एकदम नाही आलं, एवढंच आलं, "जाऊबाई, तुम्ही आज माझं वर्ष वाचवलंत."

"आधी तू माझं वाचवलंस," त्या म्हणाल्या. "नाकानं."

फोन धान्याच्या डब्यात तीन दिवस पुरून ठेवला. शनिवारी हे आले, फुटलेला बांध बघितला, बाजूला पडलेले आपले दोन दगड बघितले. मला वाटलं आता काय म्हणतात. ते म्हणाले, "कडा ढासळतील. तोंडाला दोन्हीकडून दगड लावून देतो." आणि दुपारभर बसून लावून दिले. सोमवारी फोन जिवंत झाला. पहिली गोष्ट त्यानं ही सांगितली की आपली पाळी चुकली आहे. सासऱ्यांना मी सांगितलं, मामंजी, उठला तो. त्यांनी पोतं परत माठाला गुंडाळलं होतं. "मी आता हात लावत नाही," म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यावर परत तेच बसले, हाताची सावली धरून.

मिरची धरली. पांढऱ्या फुलांच्या जागी हिरवी टोकं आली, नखाएवढी. मी रोज बघते आणि रोज दोन्ही घरांतल्या सगळ्यांचं भलं होवो म्हणते, त्यात फोनचंसुद्धा.

परवा पुढची पाळी आली. आधी आमची, सकाळी नऊला. नाक टेकवलं, पाणी घेतलं, फळी पडली. मी हातपाय धुवायला माठाकडे जाते न जाते तोच पलीकडून हाक आली. चार वर्षं गप्प राहिलेला तो घोगरा आवाज, आता दोन्ही शेतांवरून अख्ख्या पाटाला ऐकू जाईल असा.

"अगं ए, कुठं आहेस? नाक घेऊन ये."

हात तसेच मातीचे होते. हातांचं तिथं काही काम नव्हतं. मी फुटक्या बांधातून पलीकडे गेले.